वारेची साक्ष

मॅडमनी पहिल्या भेटीत माझे नाव विचारले नाही. माझ्या अर्जावरून एकदा नजर फिरवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, "तुमची वार कुठं पुरली?"

कवितेचा अभ्यास करताना मला पुष्कळ अवघड प्रश्न विचारले गेले होते; हा नव्हता. "ठाऊक नाही," मी म्हणाले. "नागपूरच्या दवाखान्यात जन्मले मी. टाकून दिली असेल."

"हाच तर वांधा हाय," त्या म्हणाल्या. "जिनं पोसलं तिले फेकाचं, अन् जे नुसतं रडत बाहेर येते त्याचं बारसं कराचं."

वार म्हणजे बाळाच्या मागोमाग आईच्या उदरातून बाहेर येणारी ती मांसल, रक्ताळलेली तबकडी. नाळेचे दुसरे टोक. जग या गोष्टीकडे जितक्या घाईने पाठ फिरवते, तितक्याच निष्ठेने मॅडम तिच्याकडे तोंड करून बसल्या होत्या. लोक एकमेकांना गाव विचारतात, जात विचारतात. मॅडम वार विचारीत. रायपूरच्या गोल बाजारात त्या भाजीवालीला विचारीत, भांडेवाल्याला विचारीत. भाजीवाली न लाजता आपल्या छत्तीसगढीत सांगे, "हव मैडम, अपने अँगना म गड़े हे," आणि मग मॅडम तिच्याशी भावाची घासाघीस करीत नसत. ज्याला आपली वार कुठे आहे ठाऊक आहे तो माणूस वजनात मारणार नाही, अशी त्यांची समजूत होती. त्या समजुतीपायी त्यांनी आयुष्यभर किडकी वांगी खाल्ली.

त्या रक्ततपासणीच्या डॉक्टर होत्या. साठी उलटलेल्या, अविवाहित, मूळ घराणे वऱ्हाडातले. पण जन्म रायपूरचा. बोलणे मात्र आजोळचे. तिकडच्या बायकांप्रमाणे स्वतःविषयी 'मी येतो, मी जातो' असे म्हणत. शंकर नगरात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांची छोटी प्रयोगशाळा होती. खाली दातांचा दवाखाना. त्यामुळे जिन्यात कायम लवंगेच्या तेलाचा वास आणि वर आल्यावर स्पिरिटचा. मधल्या एका पायरीवर हे दोन्ही वास एकमेकांना भेटत, आणि तिथे क्षणभर घर आणि दवाखाना यांतला भेद पुसल्यासारखा वाटे. खिडकीच्या कठड्यावर रोज कारखान्यांची बारीक काळी धूळ बसे, काजळ सांडल्यासारखी.

रायपूर राजधानी होऊन तेव्हा बरीच वर्षे लोटली होती, तरी शहराच्या अंगावरची हळद उतरली नव्हती. राजधानी टेलर्स, राजधानी चाट, राजधानी केशकर्तनालय. मॅडमना या शब्दाचा तिटकारा. "राजधानी झाली म्हणून डासाईनं चावणं सोडलं का?" त्या विचारीत. तरीही राजधानी झाली म्हणूनच त्यांच्या जिन्यावर ती नवी तपासणी चढून आली होती, जी पूर्वी मोठ्या शहरांतच होई.

तपासणी अशी. गर्भार स्त्रीच्या रक्तात तिच्या स्वतःच्या झिजलेल्या पेशींचा चुरा वाहत असतो, आणि त्याच चुऱ्यात वारेच्याही पेशींचा थोडा अंश मिसळलेला असतो. जनुकांचे तुटके, बारीक धागे. आम्ही दंडातून रक्त घ्यायचो, ते यंत्रात गरगरा फिरवायचो, आणि वर तरंगून येणारा पिवळसर, कढवलेल्या तुपासारखा द्रव वेगळा काढायचो. तो बर्फाच्या पेटीत बसून विमानाने दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत जाई. तिथून अहवाल येई: अमुक गुणसूत्राचे धागे असावेत त्याहून अधिक आहेत की नाहीत. म्हणजे बाळात काही मोठा जन्मदोष असण्याची शक्यता किती, याचा आईच्या पोटाला हात न लावता बांधलेला अंदाज.

या शेवटच्या वाक्यातल्या 'बाळात' या शब्दासाठी मॅडमनी मला पहिल्याच आठवड्यात फैलावर घेतले.

"बाळाचं काहून म्हणता? बाळ आपल्या घरात गुपचूप बसलं हाय. बाहेर येऊन बडबड करून राहिली ते वार. शेजारीण समजा. शेजारणीले घरातलं पुष्कळ ठाऊक असते. खरंच असते बहुतेक. पण तिच्या बोलण्यावरून कोणाले फाशी देतेत का? आधी घरात जाऊन पाहाचं."

हे त्या इतक्यांदा म्हणत की आमच्याकडे रक्त काढणारा खेमलाल नळीवर चिठ्ठी चिकटवताना हळूच म्हणे, "दीदी, पड़ोसन का बयान तैयार है."

दैवदुर्विलास असा की येणाऱ्यांपैकी अनेकांना शेजारणीकडून दोष-बिष काही ऐकायचे नसे. त्यांना एकच हवे असे: मुलगा की मुलगी. ते सांगणे कायद्याने गुन्हा. तशी पाटी दारावर होती, आणि आमच्याकडे येणाऱ्या अहवालात ती गोष्ट नसेच. पण नसलेली गोष्ट लपवून ठेवली आहे यावर लोकांची जितकी गाढ श्रद्धा बसते, तितकी असलेल्या गोष्टीवरही बसत नाही. मॅडम हसल्या तर मुलगा, खेकसल्या तर मुलगी, पाणी मागितले तर जुळे, असे ठोकताळे सदर बाजारापर्यंत पोहोचले होते. म्हणून मॅडमनी हसणे सोडले. मग लोक त्यांच्या साडीच्या रंगावरून अर्थ काढू लागले, तेव्हा त्यांनी सगळ्या साड्या राखाडी घेतल्या. शेवटी त्या एका जाड खाकी पडद्यामागे जाऊन बसल्या आणि रुग्णांसमोर येणेच बंद केले. पडद्यापुढे बोलायला कोणीतरी हवे होते, म्हणून मला नेमले.

"कविता शिकल्या न तुम्ही?" त्या म्हणाल्या होत्या. "मंग पुष्कळ बोलून काहीच न सांगाचं तुम्हाले जमन."

माझ्या विद्येचे इतके नेमके मूल्यमापन त्याआधी कोणा परीक्षकाने केले नव्हते.

मिठाईला प्रयोगशाळेत बंदी होती. पेढे म्हणजे मुलगा आणि बर्फी म्हणजे मुलगी ही खूण आमच्याकडच्या प्रत्येक घराला ठाऊक. म्हणून दिवाळीलाही आम्हाला चिवडाच मिळे. एकदा सदर बाजारातल्या एका सराफाच्या घरची माणसे दोन डबे घेऊन आली आणि पडद्यापाशी वाकून म्हणाली, "मैडम, आपको कुछ बोलना नहीं है. बस एक डिब्बा रख लीजिए." मॅडमनी आतून हात काढून दोन्ही डबे घेतले. बाहेर त्या माणसांनी श्वास रोखले. आतून पातेल्याचा आवाज आला, पळीचा आवाज आला. आणि थोड्या वेळाने खेमलालने पेढे-बर्फी एकत्र कुस्करलेला, वेलदोड्याच्या वासाचा एक गोळा त्यांच्या पुढ्यात आणून ठेवला. पडद्यामागून मॅडम म्हणाल्या, "ले जाइए. दुबारा आए तो पुलिस को यही खिलाऊँगी."

अशा त्या पडद्याबाहेर आल्या, ते वर्षा नावाच्या एका रुग्णासाठी.

वर्षा चाळिशीकडे झुकलेली, लग्नाला बरीच वर्षे झालेली, आणि हे पहिलेच टिकलेले गर्भारपण. नवरा सुनील रेल्वेच्या कार्यालयात कारकून. धिप्पाड, घामाघूम, हातात कायम हेल्मेट. पण तिला घेऊन येत त्या सासूबाई. लहान चणीच्या, काठ नीट जुळवून नेसलेल्या, बोलायला तत्पर. मी वर्षाला काही विचारले की उत्तर सासूबाई देत. किती महिने, भूक लागते का, झोप येते का. खेमलालने सुई काढून घेतल्यावर विचारले, "दुखा क्या, दीदी?" तर सासूबाई म्हणाल्या, "नाही दुखलं." वर्षा दंडावर कापूस दाबून, मान खाली घालून बसलेली असे. तिच्या केसांना जास्वंदीच्या तेलाचा ओलसर वास येई. तेवढाच तिचा मला झालेला परिचय.

अहवाल वाईट आला. तेराव्या गुणसूत्राचे धागे अधिक दिसत होते. असा दोष खरोखर बाळात असेल तर ते जन्मले तरी बहुधा फार जगत नाही. हे मी जितक्या मऊ शब्दांत सांगता येईल तितक्या सांगितले. आणि हेही सांगितले की सोनोग्राफीत अजून काही वावगे दिसत नाही, ही खात्रीची तपासणी नव्हे, खात्रीसाठी पोटातले गर्भजल सुईने काढून तपासावे लागेल.

सासूबाई रडल्या नाहीत. पदराने ओठ पुसून त्या म्हणाल्या, "पोटात सुई खुपसाची, अन् मंग महिनाभर जीव टांगून ठेवाचा? नोको. दोन लेकरं मी ह्या हातानं मातीत ठेवले. पोटात असताना कळलं असतं, तं तेव्हाच मोकळी झाली असती. हिच्यावर ते पाळी येऊ देत नाही मी. सुनील, त्या दवाखान्यात फोन कर. परवा जाऊ."

त्या क्रूर नव्हत्या. हेच कठीण होते. सुनीलने हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतले आणि फोन काढला.

जिन्याजवळच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी वर्षाने मला गाठले. पेला तोंडाशी धरला होता, पाणी पीत नव्हती. "दीदी," ती कुजबुजली, "काल पोटात बुडबुडा फुटल्यावानी झालं. दोन-तीन डाव झालं. हे त्याईले सांगू का नको?"

"तुम्हाला काय हवंय, वर्षा?"

तिने पेल्यातल्या पाण्याकडे पाहिले. "मले ठेवाचं हाय," ती म्हणाली. "पण मले कोणी विचारलं नाही."

मी आत जाऊन हे मॅडमना जसेच्या तसे सांगितले. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. उठल्या, आणि पडद्याच्या कड्या करकरल्या.

सासूबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळले. राखाडी साडी, पुरुषी घड्याळ, कॅनव्हासचे बूट. "तुम्हीच का त्या डॉक्टरीनबाई? तुमचाच हाय न हा रिपोर्ट? मंग आता काय सांगाले आल्या?"

"हा वारेचा रिपोर्ट हाय, बाई. लेकराचा नाही."

"वार का लेकरापासून अलग असते?"

"एकाच बीजाच्या दोन फांद्या. एक किडली म्हणून दुसरी किडतेच असं नाही. बहुतेक वेळा दोघींचं सारखंच असते, खोटं नाही सांगत मी. पण कधी कधी नसते." मॅडम समोरच्या बाकावर बसल्या, आणि मग त्यांनी तेच केले जे त्या प्रत्येकाशी करीत. सुनीलकडे हनुवटीने खूण करून विचारले, "ह्याची वार कुठं पुरली?"

मला वाटले, आता ही बाई खवळणार. पण सासूबाईंचा चेहरा एकदम मागे कुठेतरी गेला. "गावी. गोठ्याच्या मागं," त्या म्हणाल्या. "लय खराब होती ह्याची वार. गाठी-गाठी, पांढरे ठिपके. सुईणीनं दिव्याखाली धरून पाहिली अन् म्हणे, माय, हे पोट्टं काही जगत नाही, याच्यात जीव लावू नोको."

"मंग?"

"मंग काय? मी आठ दिवस त्याले अंगावर घेतलं नाही. सासू पाजे गाईचं दूध बोळ्यानं." त्या थांबल्या. सगळ्यांनी सुनीलकडे पाहिले. तो दाराची चौकट भरून उभा होता आणि त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"दांडगा हाय," मॅडम म्हणाल्या.

"आई," सुनील म्हणाला, "तू मले आठ दिवस पाजलं नाही?"

"चूप बैस तू."

पंखा फिरत होता. खालून दात घासणाऱ्या यंत्राची किरकिर येत होती. "सुईणीनं खोटं नव्हतं पाहिलं," मॅडम हळू म्हणाल्या. "वार खराबच असन. तिनं फक्त घर चुकवलं. पोटातल्या सुईचा बी धोका असते, बाई. थोडा, पण असते. तरी आधी घरात जाऊन पाहा. मंग जे कराचं ते करा."

सासूबाईंनी बराच वेळ पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले आणि सोडले. "सुनील," त्या शेवटी म्हणाल्या, "तो फोन राहू दे."

वर्षाला तेव्हाही कोणी विचारले नाही. मॅडमनीही नाही.

गर्भजल तपासले गेले. बाळाची गुणसूत्रे जशी असावीत तशी होती. सासूबाईंनी जिना चढता-चढताच ओरडून सांगितले, "डॉक्टरीनबाई, तुमचा रिपोर्ट खोटा निघाला!" आणि मॅडमना त्या आनंदातही असह्य संताप आला.

"खोटा काहून? वारेनं स्वतःचं सांगतलं. लेकराचं तिनं कधी सांगतलंच नाही. तुम्हीच तिच्या तोंडी घातलं!"

पण सासूबाई कृतज्ञ होत्या, आणि कृतज्ञ माणसाला आवरणे कठीण. त्यांनी रेल्वेच्या साऱ्या वसाहतीत पसरवले की शंकर नगरच्या डॉक्टरीनबाईचा हात फार चांगला, त्यांचा वाईट रिपोर्ट हमखास खोटा निघतो. मग तशा बायका येऊ लागल्या. दुसरीकडच्या अहवालांची घडी उलगडून म्हणत, "मैडम, आपके यहाँ से करवा दीजिए, आपका ग़लत निकलता है." त्यांतल्या काहींचे खरे होते आणि खरेच निघाले. त्या दिवशी मॅडम चहा घेत नसत. आयुष्यभर 'हा निकाल नव्हे, साक्ष आहे' असे ओरडणाऱ्या बाईची कीर्ती अशी झाली होती की तिची साक्षीदारच लबाड. म्हणून त्यांनी मनाशी ठरवले: वर्षाची वार तपासायची. अधिकचे गुणसूत्र तिथे सापडले की शेजारणीची अब्रू परत.

प्रसूती एका दुपारी झाली. सुनीलचा फोन येताच मॅडम बर्फाची पेटी घेऊन निघाल्या, मीही सोबत. दवाखान्याच्या खोलीत डेटॉलचा, ओव्याचा आणि कोवळ्या दुधाचा वास एकमेकांत गुंतला होता. बाळ लहानसे, मुठी मिटून झोपलेले. सासूबाई त्याची बोटे मोजत होत्या, ओठ न्याहाळत होत्या, आणि पुन्हा बोटे मोजत होत्या. खिडकीपाशी झाकणाचे मातीचे गाडगे होते. सुनील ते न्यायला वाकला होता. क्वार्टरच्या अंगणात खड्डा तयार होता. सासूबाईंनी हळदीची पुडी सोडली.

"हळद टाकू नोका!" मॅडम दारातूनच ओरडल्या. बाळ दचकून रडले.

"काहून? वार हाय, हळद-मीठ लावून पुराची असते. तुम्हीच तं साऱ्या गावाले विचारत फिरता, कुठं पुरली म्हणून!"

"पुरा न, पण आधी मले एक तुकडा द्या. तपासतो."

"आता काय तपासता? लेकरू समोर हाय, बोटं बराबर हायेत. तिनं पोसलं, तिचं काम झालं. आता तिची चौकशी कशाले?"

"तुम्ही तिले खोटारडी करून ठेवलं म्हणून!"

दोघी गाडग्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून भांडत होत्या. एकीचा हात झाकणावर, दुसरीचा काठावर. सुनील मधोमध, ओणवाच. मी वर्षाकडे पाहिले. ती उशीला टेकून त्या गाडग्याकडे पाहत होती; प्रवासात दुसऱ्यांनी वाटून घेतलेल्या आपल्या सामानाकडे पाहावे, तसे. मॅडमनी माझ्या नजरेच्या दिशेने पाहिले. त्यांचा हात काठावरून हळूहळू खाली आला.

त्या खाटेजवळ गेल्या. बर्फाची पेटी फरशीवर ठेवली आणि तिच्यावरच बसल्या, वर्षाच्या खांद्याशी खांदा येईल इतक्या जवळ. "वर्षा," त्या म्हणाल्या, "तुझी हाय. तू सांग."

सासूबाईंनी तोंड उघडले. मॅडमनी मागे न वळता हात वर केला. खोलीत बाळाचे हुंदके विरत गेले. वर्षा बोलेना. मॅडमही बोलेनात. इतकी लांब स्तब्धता त्या बाईने कधी पाळलेली मी पाहिली नव्हती.

"आधी मले दाखवा," वर्षा म्हणाली.

सुनीलने गाडगे आणले. आत ती होती: पिकल्या जांभळाच्या रंगाची, ओली, आणि तिच्या एका अंगावर नाळेपासून फुटत गेलेल्या शिरा, पानझडीतल्या झाडासारख्या. लोखंडासारखा, कोमट, किंचित गोडसर वास. वर्षाने बोटाच्या टोकाने तिला स्पर्श केला.

"एवढीशीच?" ती म्हणाली. "हिच्यासाठी एवढे लोक भांडले?" आणि हसली. तिचे हसणे मी पहिल्यांदा ऐकत होते. ते बरेच मोठे होते.

मग ती म्हणाली, "घ्या डॉक्टर एक तुकडा. पण काय निघालं ते मले सांगू नोका. मीच विचारल्याशिवाय कोणालेच सांगू नोका."

मॅडमनी काही ठिकाणचे बारीक तुकडे घेतले, उरलेली वार नीट झाकली आणि सुनीलच्या हाती दिली. हळद सासूबाईंनी नंतर घातली.

निकाल आला तो मॅडमनी वाचला. मला सांगितला नाही, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काही वाचता येणे तर शक्यच नव्हते. 'तुमचा रिपोर्ट खोटा' म्हणत बायका येतच राहिल्या, आणि निकाल बाजूने लागला असेल तर एका वाक्यात तो सांगता आला असता, तरी मॅडम त्याचा उल्लेखही करीत नसत.

मग एके दिवशी सासूबाई एकट्याच आल्या. इकडेतिकडे पाहत पडदा सारून थेट आत गेल्या. मी मागोमाग.

"काय निघालं होतं वो?" त्यांनी विचारले. "मले झोप नाही. लेकरू बारीक हाय. मी रोज त्याचे बोटं मोजून राहिली."

"वर्षाले विचारा. ते हो म्हणन तं लगेच सांगतो."

"वर्षाले? मी, सुनेले विचारू?"

"हो."

सासूबाई खुर्चीच्या कडेला टेकल्या. पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले, सोडले. बाहेर खेमलाल कोणाशी तरी हिंदीत बोलत होता. मग त्या अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "कसं विचारतेत, डॉक्टरीनबाई? मी तिले कधीच काही विचारलं नाही."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मले बी लय येत नाही," त्या म्हणाल्या. "एकच डाव केलं हाय. तिच्याजवळ जाऊन बसाचं. विचाराचं. अन् मंग चूप राहाचं."